माझ्या जागी तीन पाण्याचे कॅन

प्रिय भिंगरीस,

थोरलीचे अनेक आशीर्वाद. त्यातले थोडे तुझ्या मोडक्या खुब्यासाठी वेगळे काढलेत, ते त्याचे त्यालाच पोचव. तब्येत कशी आहे? काठी धरून चालतेस की अजून भिंत धरून? कानाचं यंत्र लावतेस की डबीतच जपून ठेवतेस? (डबीतच असणार. परवा फोनवर मी तीनदा ओरडून सांगितलं की आम्ही वाटेत अडकलोय, आणि तीनदाही तू म्हणालीस, "अगबाई, छान!" म्हणून हे पत्र.) माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात, साखर वर-खाली होते आणि जिभेचं तुला ठाऊकच आहे.

अक्षर बघून दचकू नकोस, मी या वयात अचानक शिकलेली नाही. शाळेत जायच्या वयात मी तुला कडेवर घेऊन हिंडत होते. मग तू चालायला लागलीस, शाळेत गेलीस, आणि माझी कंबर तेवढी तिरकी राहिली. तर हे अक्षर सूनबाईचं. मी सांगायचं आणि तिने एक शब्द इकडचा तिकडे न करता लिहायचं असं ठरलंय. तिच्याबद्दल काही बोलले तरी लिहायचं. (मुलगी गुणाची आहे, फक्त चहा पातळ करते. हेही लिहिलंन. बघ, आहे की नाही गुणाची?) लिहून झालं की ती कागदांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवणार आहे. दोन बोटांनी मोठं करून वाच.

आता वाईट बातमी आधी सांगते. आम्ही येत नाही. उद्या सकाळी गाडी उलटी वळणार. तुझ्या दारापासून दोन दिवसांच्या वाटेवर येऊन परत जायचं, हे माझ्या मनाला कसं लागलंय ते मी सांगत बसत नाही, कारण लिहिणारीचा हात आधीच दुखायला लागलाय. अकरा वर्षं झाली गं आपल्याला समोरासमोर बसून. तुला त्या खुब्यामुळे गाडीत बसवत नाही, मला तासातासाला पाय लांब करावे लागतात आणि दर अर्ध्या तासाला दुसऱ्याही कारणासाठी उठावं लागतं. म्हणून तर माझ्या लेकाने ही घरगाडी घेतली. एका जोडप्याने वापरून विकलेली आहे, पण आत सगळं आहे. पलंग, शेगडी, भांडी घासायची मोरी, फ्रिज, आणि एक न्हाणीघर, ज्यात अंघोळ करताना वळायचं झालं तर आधी बाहेर येऊन वळावं लागतं. फक्त ती वापरायची कशी त्याचं पुस्तक त्या जोडप्याने हरवलं होतं. लेक म्हणाला, पुस्तक कशाला, मी आहे ना.

वांधा झाला तो विजेचा. आणि विजेचा वांधा म्हणजे फ्रिजचा, फ्रिजचा म्हणजे माझ्या साखरेच्या इंजेक्शनचा. ते औषध गार राहिलं नाही तर वाया जातं, आणि ते वाया गेलं तर मी. म्हणून लेकाने निकाल दिला, की फ्रिजचा भरवसा नसेल तर पुढे जायचं नाही. रागावता येत नाही गं, माझ्याच काळजीने बोलतो. पण गाडी वळणार म्हटल्यावर मी कालपासून त्याच्याशी धड बोललेली नाही. (जेवायला वाढ, एवढंच.)

तुला वाटेल, म्हातारीला विजेतलं काय कळतं. मलाही तसंच वाटायचं. आयुष्यभर बटण दाबलं, दिवा लागला, विषय संपला. पण गेल्या आठवड्यात मी इतकं बघितलंय आणि इतकं विचारलंय, की लेक मला पाहिलं की गाडीखाली शिरतो. मला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न पडलाय, वीज गेली म्हणतात तेव्हा ती जाते कुठे? त्याला विचारलं तर म्हणाला, "आई, आत्ता नको." बरं, मग केव्हा?

पहिला प्रकार झाला तो वाटेतल्या पहिल्याच मुक्कामी. तिथे गाड्या उभ्या करायच्या जागेत खांब होते आणि खांबाला प्लग होता. जाड वायर टाकून गाडी त्याला जोडायची, की गाडी थेट खांबाची वीज पिते. मी चहाच्या पाण्याची विजेची किटली लावली, सूनबाईने केस वाळवायचं यंत्र लावलं आणि खांबावरचा खटका ताडकन पडला. लेकाने तो वर केला, तो परत पडला. मग आमच्या लक्षात आलं की एक वेळी एकच चालतं. किटली किंवा केस. त्यावर घरात जी चर्चा झाली ती मी इथे सांगत नाही. (सूनबाई म्हणते सांगा. नाही सांगणार. चहा आधी, एवढंच ठरलं.)

तिथून आलो ते इथे, एका तळ्याच्या काठी. जागा मोठी सुरेख, पण खांबही नाही आणि प्लगही नाही. लेक म्हणाला, काळजी नको, आपल्या डोक्यावर सूर्य आहे. गाडीच्या टपावर काळ्या काचेच्या पाट्या बसवल्यात, त्या उन्हाची वीज करतात. ती एका मोठ्या बॅटरीत साठते आणि दिवे, पंप, फ्रिज तिच्यावर चालतात. इंजिनाची बॅटरी वेगळी, घराची वेगळी. मी लगेच ओळखलं. टपावर पाऊस पडतो, खाली टाकी भरते आणि टाकीला तीन नळ. लेकाला सांगितलं तर म्हणाला, "असं साधं नसतं गं ते." त्यानंतर त्याने मला अर्धा तास समजावलं आणि शेवटी टाकी आणि नळच सांगितले.

आमचा दिवस इथे असा जातो. सकाळी दहाला तिघं निघतो, मी तळ्याकाठच्या पहिल्या बाकापर्यंत जाते, ती दोघं तळ्याला वळसा घालून येतात, मग तिथेच डबा खाऊन, पाय पसरून, तीन-साडेतीनला परत. पहिल्या दिवशी परत आलो तर दूध नासलेलं. फ्रिज घरघर करत चालू होता, पण आत हात घातला तर कोमट. माझ्या औषधाची बाटलीही कोमट. लेक म्हणाला, दार नीट लावलं नसेल. कोणी, ते बोलला नाही, फक्त बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "शेवटी सरबत कोणी काढलं होतं?" मी न्हाणीघरात होते, पण ऐकू सगळं येतं.

दुसऱ्या दिवशी दार तीनदा तपासून गेलो. आलो तर तेच. त्यात दिवे पेंगायला लागले आणि पाण्याचा पंप खोकल्यासारखा आवाज करून बसला. दाराच्या वर एक छोटी काच आहे, तिच्यात दिवसभरात उन्हाकडून किती वीज आली त्याचा आकडा दिसतो. लेक म्हणाला, बादलीभर यायला हवी होती, वाटीभर आलीय. (टाकी-नळाची भाषा आता तोही बोलायला लागलाय.) एवढं रणरणतं ऊन आणि वाटीभर! मग तो शिडी लावून टपावर चढला. पाखरांनी पाट्यांवर आपापली कामं उरकली होती, ती सगळी घासून काढली. उतरला तेव्हा पाट्या चकचकीत आणि याची मान भाजून बटाट्याच्या सालीसारखी निघालेली. आकडा बघितला तर वीज भरभरून येत होती. जिंकलो म्हणून त्याने हात झटकले. दुसऱ्या दिवशी फिरून आलो तर फ्रिज कोमट आणि आकडा पुन्हा वाटीभर.

आता इथे मला या प्रकरणाची खरी गोडी लागली. मी म्हटलं, नीट बघा, आपण असलो की येते, आपली पाठ फिरली की जाते. याच्या लहानपणी अभ्यासाचं असंच होतं. लेकाला ते आवडलं नाही. तो फ्यूज काढून काढून उजेडात धरायला लागला. फ्यूज म्हणजे काचेच्या मण्यासारखी चीज, आत केसाएवढी तार. ती तुटली तर दोषी. एकही तुटलेली नव्हती. बॅटरीचे नट आवळले, वायरी हलवून पाहिल्या, मीटरच्या दोन सुया जिथे टेकवता येतील तिथे टेकवल्या. सगळीकडे ठीक. आणि बिघाड सगळीकडे ठीक म्हणून थोडाच मिटतो.

चौथ्या दिवशी जवळच्या गावातून वायरमन आला. मोठा गोड माणूस. मी विचारलं, "वीज गेली म्हणजे जाते कुठे हो?" तर हातातलं काम ठेवून म्हणाला, "आजी, ती जात नाही, वाट तुटली की थांबते. माणूस मोडक्या पुलापाशी थांबतो ना, तशी." बघ, लेकाला आठवडाभर न सुचलेलं याने एका वाक्यात सांगितलं. माझ्या हातात चाचणीचा दिवाही दिला धरायला. मी सगळ्या वायरींवर तो टेकवून पाहिला, सगळ्यांवर पेटला. वायरमनने कान खाजवला. म्हणाला, गाडीत दोष दिसत नाही. मग लेकाला विचारलं, "तुम्ही बाहेर जाता तेव्हा कोणी कशाला हात लावतं का?" लेक छाती काढून म्हणाला, "आमच्याकडे कोणी कशाला हात लावत नाही." मीही मान डोलावली. खरंच आहे ते. वायरींना हात लावणाऱ्या घरातल्या आपण नाही.

जाता जाता वायरमन एक सुचवून गेला, उद्या एकाने घरी राहून लक्ष ठेवा. ते काम मी मागून घेतलं. पाचव्या दिवशी ती दोघं तळ्यावर गेली आणि मी खुर्ची ओढून फ्रिजसमोर बसले, नजर रोखून. आणि काय सांगू तुला, दिवसभर फ्रिज असा गार, की दुधावर साय धरली. आकडा बादलीच्या वर. लेक आला, बघतच राहिला. मी म्हटलं, यंत्र असलं तरी मोठ्यांचा धाक असतोच.

धाकावर त्याचा विश्वास नाही. त्याने वायरमनला फोन लावला. दोघांनी मिळून शोध लावला, की आई बसते त्या जागेखाली एखादी वायर सैल असणार, आई बसली की तिच्या वजनाने ती टेकते, आई उठली की सुटते. म्हणजे भिंगरे, ही एवढी गाडी माझ्या बुडावर चालते असं ठरलं! मग प्रयोग. माझ्या जागी माझ्या वजनाचं काहीतरी ठेवायचं. पाण्याचे कॅन काढले. मी म्हटलं दोन पुरेत. सूनबाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि न बोलता तिसरा आणला. (खोटं लिहू नकोस, तू हसलीस.) माझ्या खुर्चीत तीन कॅन, वरून माझी शाल, अशी माझी स्थापना करून आम्ही तिघं फिरायला गेलो. परत आलो तर कॅन जागच्या जागी, शाल जागच्या जागी, आणि फ्रिज कोमट.

त्या संध्याकाळी लेकाने निकाल दिला. आज तो बर्फ आणि डिझेल आणायला गावात गेलाय. माझं औषध थर्मासात बर्फावर बसलंय, आणि मी तुला हे पत्र सांगतेय. एवढं सगळं करून हाती काही नाही. मी तर माझ्याकडून काही कमी ठेवलं नाही. या दोघांचं तुला सांगते, बाहेर जायचं म्हटलं की ही दोघं राजा-राणीसारखी उतरून चालायला लागतात, दिवे पेटते ठेवून. मागचं सगळं मलाच बघावं लागतं. गुडघ्यांमुळे उतरणारी मी शेवटची, आणि परत आल्यावर दुसऱ्या कारणामुळे आत शिरणारी मी पहिली. तुला आठवतं ना, आपल्या घरात एकच दिवा होता आणि त्याचं एकच बटण दाराशी होतं, आणि दादा उंबरठ्यावर उभे राहून रोज विचारायचे, "थोरले, बटण बंद केलंस?" सत्तर वर्षं झाली, अजून दाराबाहेर पाऊल टाकताना माझा हात आपोआप जातो. इथेही पायरीपाशी गुडघ्याच्या उंचीवर एक लाल बटण आहे. जाताना बंद करते, आल्यावर चालू करते, कधी चुकले नाही. या दोघांनी आयुष्यात

(इथे पेन थांबलं होतं. मधे अर्धा तास गेला.)

काय झालं ते सांगते. लिहिता लिहिता ही थांबली. माझ्याकडे बघितलंन. म्हणाली, "आई, कुठलं बटण?" मी म्हटलं, ते पायरीजवळचं, पायरीवरच्या दिव्याचं. ती म्हणाली, "पायरीवर दिवा कुठाय?" खरंच की. मी कधी बघितला नव्हता. ती उठली, दाराशी उकिडवी बसली, चष्मा लावून, अंगठ्याने धूळ पुसून पुसटलेली अक्षरं वाचायला लागली. बटण दाबलं. फ्रिज गप्प झाला. दारावरच्या काचेतला आकडा विझला. पुन्हा दाबलं. फ्रिज घरघरला, आकडा आला. मग ती तिथेच पायरीवर बसली.

ते घराच्या बॅटरीचं बटण होतं. बंद केलं की घराची बॅटरी सगळ्यापासून सुटते. फ्रिजपासूनही आणि टपावरच्या पाट्यांपासूनही. रोज सकाळी दहाला मी सूर्याची वाट स्वतःच्या हाताने बंद करत होते आणि साडेतीनला उघडत होते. वायरमन म्हणाला होता, वाट तुटली की वीज पुलापाशी थांबते. पूल तोडणारी मीच होते! ज्या दिवशी मी घरी राहिले त्या दिवशी बटणाला हात लागला नाही, म्हणून साय धरली. त्यात धाक नव्हता आणि वजनही नव्हतं. आणि मला कोणी विचारलंच नाही गं. विचारलं ते लेकाला, आणि त्याने सांगितलं कोणी हात लावत नाही. दार लावताना बटण बंद करणं म्हणजे हात लावणं, हे मलाही कुठे वाटलं? ते म्हणजे बाहेर जाणं.

सूनबाई हसायला लागली ती पोट धरून. मला काय करावं कळेना, तर तिने कॅनवरची शाल काढून माझ्या खांद्यावर घातली, मग मीही हसले. हसता हसता एकदम रडू आलं. त्या एका बटणापायी मी तुझ्याकडे यायची राहणार होते, आणि बंद करणारी मीच.

आता प्रश्न लेकाचा. ज्याने मान भाजून घेतली, आठवडा गाडीखाली घालवला, त्याला कसं सांगायचं की तुझ्या आईनेच केलं? सूनबाई म्हणाली सांगू नका, त्यांनाच सापडू दे. तो येताना दिसतोय. थांबते.

आपली,
थोरली

ता.क. झालं. तो आला. सूनबाईने त्याच्या हातात चहा दिला (चक्क घट्ट), आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, अहो, हे लाल बटण कसलं हो? तो वाकला, वाचलं, दाबलं, पुन्हा दाबलं, आणि असा ओरडला की तळ्यातली बदकं उडाली. म्हणतो, दारात बटण ठेवणारा माणूस अडाणी, येता-जाता कोणाचाही पाय लागणार. पाय लागतो, असं त्याने स्वतःच ठरवलं. आम्ही दोघी त्याच्या हुशारीपुढे गप्प बसलो. आत्ता तो वायरमनला फोनवर शिकवतोय. गाडी उलटी वळत नाही. उद्या सकाळी निघतो, परवा संध्याकाळी तुझ्या दारात. खुब्याला सांग, उठून उभा राहा.

ता.क. दुसरा. कानाचं यंत्र लावून बस. अकरा वर्षांचं बोलणं आहे, मी दोनदा सांगणार नाही.

ता.क. तिसरा, आणि हा तुझ्या मुलाला वाचायला देऊ नकोस. लेकाची रजा आमच्या या घोळात बरीच संपली. तो म्हणतो तुझ्याकडे दोनच दिवस राहायचं. अकरा वर्षांनी दोन दिवस! तर तुझ्या गल्लीत एखादा वायरमन असेलच, जो रोज "उद्या येतो" म्हणतो. त्याला आत्तापासून सांगून ठेव. आमच्या गाडीचा काही भरवसा नाही, तुझ्या दारात उभी राहिली की तिची वीज पुन्हा जाऊ शकते. माझं औषध तुझ्या फ्रिजमध्ये गार राहील, तेव्हा माझी काळजी नको. अडचण एकच आहे, त्या बटणावर आता चिकटपट्टी मारलीय.

(मावशी, हे आईंनी सांगितलेलं नाही, माझं मी लिहितेय. चिकटपट्टी मीच मारलीय. सैल मारलीय.)